पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या नावाने

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीजवळच्या, पण कर्नाटकातल्या एका गावातलं हे जोडपं. ती २७ वर्षांची, माहेर चंदगड तालुक्यातलं. तो ३३ वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत भट्टीवर कंत्राटी कामाला. लग्नाला चार वर्षं होत आलेली आणि त्यातली तीन वर्षं मूल हवं म्हणून दवाखान्यांत गेलेली. मी स्त्रीरोग विभागात परिचारिका होते. निवृत्तीनंतरही आसपासच्या गावांतल्या आशा कार्यकर्त्या अशी जोडपी माझ्याकडे धाडतात. २०२३च्या गणपतीनंतर ही मुलगी अशीच आली, एकटी. दोघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण लिहिते आहे.

तिच्या हातात कागदांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी होती. कागद तारखेप्रमाणे लावले. दोन खासगी दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, स्कॅनिंगचे ढीगभर रिपोर्ट, थायरॉइडची तपासणी दोनदा, प्रोजेस्टेरॉन (अंडं फुटल्यावर वाढणारं संप्रेरक), प्रोलॅक्टिन, एएमएच या संप्रेरकांच्या तपासण्या, अंडं वाढावं म्हणून दिलेल्या गोळ्यांची नावं आणि शेवटी दुर्बिणीतून पोट तपासून घ्या असा सल्ला. हाती असलेल्या पावत्यांची बेरीज अडतीस हजारांच्या घरात गेली. यातल्या एकाही रिपोर्टवर नवऱ्याचं नाव नव्हतं. त्याची एकही तपासणी झालेली नव्हती.

मी विचारलं तेव्हा ती खरोखरच गोंधळली. "आक्का, ह्यांचं काय तपासायचं हो? ह्यांना काय झालंय?"

वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी सुरू करावी आणि बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. त्यातला "दोघांची" हा शब्द आपल्याकडे गळून पडतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडची बाजू कारण असते किंवा कारणात भर घालते. वीर्यतपासणी ही स्वस्त तपासण्यांतली एक. तिला सुई टोचावी लागत नाही, भूल लागत नाही, पाळीची तारीख पाहावी लागत नाही. बेळगावात ती यांना चारशे रुपयांत झाली. अडतीस हजारांच्या आधी ते चारशे खर्च व्हायला हवे होते, असं मला ठामपणे वाटतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, घरच्यांनी सुचवलं नाही आणि एकट्या आलेल्या बाईला "नवऱ्याला घेऊन या" असं ठणकावून कुणी परत पाठवलं नाही.

ती एकटीच का यायची, यामागे नुसती लाज नव्हती. जून २०२३पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही. तिचं बेळगावला येणं फुकट. त्याच्या मात्र प्रत्येक फेरीला एक दिवसाची हजेरी बुडायची. शिवाय रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख सासूबाई, म्हणून कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजारही त्यांच्याच खात्यात. तपासणीचे पैसे त्यांच्याकडूनच यायचे आणि त्या बाईंची धारणा पक्की होती. मी घरी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा लेक धडधाकट हाय की. दोष काय तो हिच्यातच बघा." त्या वाईट बाई नाहीत. सुनेसाठी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून आल्या होत्या, अनवाणी चालल्या होत्या. पण लेकाचं वीर्य तपासायचं म्हणजे त्याच्या पुरुषपणावर बोट ठेवायचं, असं त्यांना वाटे. त्यालाही तसंच वाटे.

त्याच्याशी मी बोलले ते रविवारी, घराबाहेर, बायको समोर नसताना. संबंध व्यवस्थित होतात ना, शिफ्टमुळे किती दिवस चुकतात, लहानपणी गालगुंड झालं होतं का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, तंबाखू किती, दारू किती, हे प्रश्न एखाद्या पुरुषाला गावात विचारणं सोपं नाही. पण विचारले की माणूस बोलतो. एका आठवड्याआड रात्रपाळी. दिवसातून बऱ्याचदा तंबाखू-चुना. भट्टीसमोर तासन् तास. दीड महिन्यापूर्वी डेंग्यूचा ताप. शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा वृषणं दोन-तीन अंशांनी थंड राहावी लागतात, म्हणून निसर्गाने ती बाहेर ठेवलीत, हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकू लागला. भट्टीवरच्या माणसाला उष्णता काय करते ते वेगळं समजावावं लागलं नाही. "मग तपासू या," म्हणाला.

नमुना देण्याची गोष्ट

याबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी सविस्तर लिहिते. नमुन्याआधी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीतच घ्यायचा, साध्या निरोधात घेतला तर त्यावरच्या द्रवाने शुक्राणू मरतात. साबण, तेल, थुंकी काहीही वापरायचं नाही. पहिला थेंबही सांडला तर सांगायचं, कारण सगळ्यांत जास्त शुक्राणू सुरुवातीच्या भागात असतात. घरी घेतलेला नमुना अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, अंगाच्या उबेत लॅबला पोचला पाहिजे. यांच्या गावाहून बस धरून हे जमण्यासारखं नव्हतं. म्हणून नमुना बेळगावातच द्यायचा ठरला.

पहिल्या लॅबने त्याला जिन्याखालच्या सामाईक संडासाकडे बोट दाखवलं. बाहेर माणसं दार ठोठावत होती. तो नमुना न देताच परत आला आणि पुढचे दोन आठवडे या विषयावर बोलेना. मी फोनवर चौकशी करून स्वतंत्र खोली असलेली दुसरी लॅब शोधली. तिथे बायकोला आत सोबत राहू देतात, हेही विचारून घेतलं. लॅब निवडताना दरपत्रकाआधी खोलीची चौकशी करावी, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

ऑक्टोबर २०२३चा रिपोर्ट आला. एका मिलिलिटरमध्ये ९० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि पुढे सरकणारे ३० टक्के अशी आहे. ही मर्यादा कशी काढतात तेही त्याला समजावलं. ज्या पुरुषांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले, त्यांच्यातल्या सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांची ती रेषा आहे. तिच्याखाली असलेल्या माणसाला मूल होणारच नाही असा तिचा अर्थ नाही, आणि तिच्यावर असलेल्यालाही खात्री मिळत नाही.

एका रिपोर्टवर काही ठरवायचं नसतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि मोठा ताप येऊन गेला की तेवढा काळ आकडे खाली राहू शकतात. डेंग्यू धरून जानेवारी २०२४मध्ये पुन्हा तपासायचं ठरलं. मधल्या काळात त्याने तंबाखू कमी केली, आणि मुकादमाला सांगून भट्टीऐवजी फिनिशिंगचं काम मागून घेतलं. ते त्याने स्वतः मागितलं, माझ्या सांगण्याने नव्हे.

तिच्या पाळीचं कॅलेंडर

दरम्यान तिचे जुने रिपोर्ट मी नीट वाचले आणि मला फार वाईट वाटलं. प्रोजेस्टेरॉन २१व्या दिवशी तपासलेलं, आकडा कमी, त्यावरून "अंडं फुटत नाही" असा शेरा आणि मग गोळ्या. पण तिची पाळी ३४-३५ दिवसांनी येते! २१व्या दिवसाचा नियम २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. अंडं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी फुटतं, म्हणजे तिचं विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या आसपास. प्रोजेस्टेरॉन पाहायचं ते त्यानंतर आठवडाभराने, म्हणजे तिच्या बाबतीत २८व्या दिवशी. स्कॅनिंगही दर महिन्याला चौदाव्या दिवशी थांबलं होतं, "अंडं लहान आहे" असं लिहून. "चौदाव्या दिवशी जवळ या," हा सल्ला दोघांनी तीन वर्षं इमानाने पाळला. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात हे खरं, पण अंडं आठवड्याने फुटणार असेल तर त्याचा उपयोग नाही. त्यात एका आठवड्याआड रात्रपाळी.

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवून एका महिन्यात २८व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासलं. अंडं फुटलं होतं. तीन वर्षं तिच्यावर चिकटलेला दोष एका रक्ततपासणीने निघाला. तिने रिपोर्ट सासूबाईंना दाखवला नाही, कपाटात ठेवला. मी कारण विचारलं नाही.

थायरॉइडचं वेगळं. पहिल्या दवाखान्यात टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा) ५.४, वर्षाने दुसऱ्या दवाखान्यात ६.८. दोन्ही ठिकाणी पहिलाच रिपोर्ट समजून "थोडं वाढलंय, पाहू" झालं. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. मूल हवं असलेल्या बाईला हा आकडा असाच सोडून चालत नाही. सरकारी दवाखान्यात दाखवल्यावर थायरॉक्सिन सुरू झालं आणि आकडा दोनच्या आसपास आला. त्याच भेटीत फॉलिक अॅसिडही मिळालं, जे मूल हवं म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशीच द्यायला हवं.

एएमएचवर तिने अठराशे रुपये घातले होते. तिच्या वयाला, पाळी येत असताना आणि टेस्ट ट्यूब बेबीचा विचारही नसताना, त्या तपासणीने ठरणार काहीच नव्हतं. अंडाशयात अंड्यांचा साठा किती याचा ती अंदाज देते, स्वाभाविकपणे दिवस राहतील की नाही हे सांगत नाही.

कुठली तपासणी कुठे

इथे मला या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगाचा भाग दिसतो. सरकारी की खासगी हा वाद आमच्याकडे नेहमी डॉक्टर चांगले कुठले यावर अडतो. मी तपासण्यांचे दोन गठ्ठे करते. एक, कोणत्याही दिवशी चालणाऱ्या: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमी या गुप्तरोगाची). दुसरा, पाळीच्या तारखेला बांधलेल्या: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची एफएसएच-एलएच (अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं), अंड्याची वाढ बघायचं स्कॅनिंग, प्रोजेस्टेरॉन आणि नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी. पहिल्या गठ्ठ्यासाठी रांगेत उभं राहिलं तर एखादा दिवस जातो, बाकी काही बिघडत नाही. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी (एचआयव्ही सल्ला आणि तपासणी) केंद्रात फुकट आणि गुप्त राखून होते. दुसऱ्या गठ्ठ्यात दिवस चुकला की महिना जातो.

तिच्या एचएसजीचं तसंच झालं. ही तपासणी पाळी थांबल्यावर आणि अंडं फुटण्याआधी करायची असते, आणि त्या महिन्यात आधी संबंध नको. सरकारी दवाखान्यात ती आठवड्यातल्या ठरलेल्या वारीच व्हायची. ऑक्टोबरचा तिचा वार दसऱ्याच्या सुट्टीत गेला, नोव्हेंबरचाही हुकला. कुणाची चूक नव्हती, दवाखान्याचं कॅलेंडर आणि तिच्या पाळीचं कॅलेंडर जुळत नव्हतं. डिसेंबरात आम्ही वाट पाहिली नाही, खासगीत अडीच हजार भरून करून घेतली. दुखतं, हे तिला आधी सांगितलं होतं. दुखणं कमी करायची गोळी डॉक्टरांना विचारून आधी घेतली होती आणि नवऱ्याने त्या दिवसाची हजेरी बुडवली. दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या. दुर्बिणीची घाई करायचं कारण उरलं नाही.

एका तपासणीत मात्र सरकारी यंत्रणाच उजवी ठरली. शाळेत असताना तिच्या मानेत गाठी आल्या होत्या आणि सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या होत्या. हे ना पहिल्या दवाखान्याच्या कागदावर होतं, ना दुसऱ्या. विचारलंच नव्हतं. आपल्याकडे गर्भाशयाच्या आणि नळ्यांच्या टीबीने मूल न होणं ही नवलाची गोष्ट नाही, आणि तो टीबी खोकल्याशिवाय, तापाशिवाय राहू शकतो. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेऊन सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणी क्षयरोग कार्यक्रमात फुकट झाली. टीबी सापडला नाही.

कागदपत्रांचा गुंता सीमेवरच्या प्रत्येक घरात असतो तसा इथेही होता. तिचं नाव माहेरच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेशन कार्डावरच राहिलेलं. आधारवर माहेरचं आडनाव. त्यामुळे सासरचं बीपीएल कार्ड दाखवूनही सवलतीच्या खिडकीवर तिला प्रश्न विचारले जात. नाव कमी केल्याचा दाखला चंदगडहून आणून इथल्या कार्डावर चढवेपर्यंत बरेच दिवस गेले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच हे करून घ्या, असं मी हद्दीपलीकडून आलेल्या प्रत्येक सुनेला सांगते. पुढे बाळंतपणातही हेच कागद लागतात.

माहेरच्यांचा आग्रह होता की कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्यावं, महाराष्ट्राची योजना आता आपल्या गावांनाही आहे. २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देण्याचं ठरवलं हे खरं. पण ती दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, बाहेरच्या रक्ततपासण्यांसाठी नाही. आयुष्मान भारतच्या वगळलेल्या गोष्टींत तर वंध्यत्वाचे उपचार स्पष्ट लिहिलेले आहेत. कुठल्याही राज्याचं कार्ड या तपासण्यांचे पैसे भरत नव्हतं. उलट ज्या कार्डाचा खरा उपयोग होता ते कुणी काढलंच नव्हतं. त्याच्या पगारातून ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) पाऊण टक्का दरमहा कापला जात होता आणि त्यात बायकोचाही औषधोपचार येतो. कंत्राटदाराकडून नंबर घेऊन ई-पहचान कार्ड काढलं. त्यानंतर तिच्या थायरॉइडच्या गोळ्या आणि दर खेपेचं रक्त तिथूनच होऊ लागलं.

आणखी एक खंत लिहायला हवी. आशाच्या वहीत पात्र जोडप्यांची नोंद असते आणि या दोघांचं नाव त्यात पहिल्या वर्षापासून होतं. पण ती नोंद कुटुंबनियोजनासाठी. पोट दिसू लागलं की तायी कार्ड (गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड), मोजमाप, गोळ्या, फेऱ्या, सगळं मागे लागतं. ज्या घरात पाळणा हलत नाही त्या घराला तीन वर्षांत कुणी "तुमचं काय चाललंय?" असं विचारलं नव्हतं. या आशाताईंनी विचारलं ते त्यांच्या मनाने.

पुढे

जानेवारीच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये संख्या १ कोटी १० लाख, पुढे सरकणारे २४ टक्के. सुधारणा थोडी, पण मर्यादेच्या खालीच. सरकारी दवाखान्याच्या सर्जरी ओपीडीत त्याला उभं करून तपासलं. डाव्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या हाताला लागत होत्या. याला व्हेरिकोसील म्हणतात. ते पुष्कळ पुरुषांत असतं आणि सगळ्यांना त्रास देत नाही, पण हाताला लागणारं व्हेरिकोसील, कमी आलेले रिपोर्ट आणि मूल न होणं या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तर ऑपरेशनचा विचार करतात. मार्च २०२४मध्ये ते तिथेच झालं. त्याने गावात हर्निया सांगितलं. त्यात मला गैर काही वाटलं नाही, रिपोर्ट त्याचा आणि सांगायचं की नाही हेही त्यानेच ठरवायचं.

सासूबाई ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात बसून होत्या. घरी जाताना त्यांनी सुनेला बसमध्ये खिडकीची जागा दिली, एवढंच मी पाहिलं.

जुलै २०२४चा रिपोर्ट: संख्या १ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३१ टक्के. तिचं टीएसएच जागेवर. रात्रपाळीचे आठवडे तिच्या विसाव्या दिवसाच्या आसपास येऊ नयेत म्हणून तो मुकादमाशी बोलून अदलाबदल करत होता. तोवर दिवस राहिलेले नव्हते. राहतीलच असं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही.

जमलं नाही तर पुढची पायरी आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं. टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांवरच्या २०२१च्या कायद्यानंतर ते नोंदणी असलेल्या केंद्रातच करता येतं, म्हणून बेळगावातल्या केंद्रांचं नोंदणी प्रमाणपत्र पाहून आणि एका खेपेचा सगळा खर्च, औषधं आणि स्कॅनिंग धरून, लिहून घेतला. पिशवीतले कागद एका फाइलमध्ये लावले, पहिल्या पानावर दोघांची नावं आणि प्रत्येक तपासणीची तारीख, तिच्या बाबतीत पाळीचा कितवा दिवस तेही. २०२४च्या दिवाळीपर्यंत थांबायचं असं दोघांनी ठरवलं. त्याआधी सप्टेंबरात त्याची आणखी एक वीर्यतपासणी होती आणि त्या दिवसाची रजा त्याने आधीच सांगून ठेवली होती.